पेशी किती?

पावसाळा सरता सरता जव्हार-मोखाड्याकडून शहरातल्या कुणा ओळखीच्या माणसाला फोन येतो. आजाराचं नाव त्यात बहुतेकदा नसतंच. "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, चाळीसवर आल्यात," एवढंच सांगितलं जातं. चाळीस म्हणजे चाळीस हजार, हे दोन्ही टोकांना कळतं. या पेशी पांढऱ्या नाहीत, हे मात्र दोघांच्याही गावी नसतं. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या. इथे कमी झालेल्या असतात त्या प्लेटलेट, शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. हाडांच्या मगजात काही अवाढव्य पेशी असतात, त्यांचे तुटून रक्तात आलेले हे बारीक तुकडे. धड पेशीसुद्धा नव्हेत. रक्तवाहिनीला इजा झाली की ते तिथे धावतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. आठ-दहा दिवस जगतात, मग नवे येतात.

नावाची चूक मी मनावर घेत नाही. खुपतो तो पुढचा संवाद. फोन घेणारा विचारतो, "आता किती आहेत?" संध्याकाळी पुन्हा, "वाढल्या का?" ताप कधीपासून होता, कधी उतरला, लघवी होते का, पोटात दुखतं का, माणूस कामाला कुठे गेला होता, शेतात काही चावलं का, यातलं कुणी काही विचारत नाही. आकडा कळल्यावर खरं तर चौकशीला सुरुवात व्हायला हवी. आपल्याकडे आकडा कळला की चौकशी संपते आणि प्लेटलेटच्या पिशवीची शोधाशोध सुरू होते. शहरात ही चूक पैशांवर निभावते. मोखाड्यात ती जिवावर येऊ शकते.

पेशी कमी होणं म्हणजे काय, हे मोखाड्याच्या माणसाला समजावायला वैद्यकाचं पुस्तक लागू नये. चार महिने धो धो पाऊस आणि होळी उलटली की डोक्यावर हंडे, हे त्याच्या आयुष्याचंच वेळापत्रक आहे. वैतरणेवर मोठाली धरणं आहेत. मध्य वैतरणेचं धरण याच तालुक्यात कोचाळ्याला आहे आणि त्याचं पाणी मुंबई पिते. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि बायका त्याच विहिरीतून पाणी शेंदून नेतात. आता विहिरीत पाणी का नाही, याचं एकच उत्तर असतं का? कुठे झराच आटलेला असतो, कुठे उपसा फार असतो, कुठे पाणी वरच्या अंगाला अडवलेलं असतं. रक्ताचंही तसंच. झरा म्हणजे हाडांचा मगज. जीवनसत्त्वांची वाण, दारू, काही औषधं, क्वचित रक्ताचा कर्करोग, यांनी तो आटतो. उपसा म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग, सापाचं विष. आणि अडवणारं धरण म्हणजे पाणथरी, प्लीहा. निरोगी माणसातही शरीरातल्या प्लेटलेटचा तिसरा हिस्सा तिथे साठलेला असतो. जुना मलेरिया, यकृताचा आजार किंवा लहान मुलांतला सिकलसेल, यांनी पाणथरी फुगली की ती आणखी अडवते.

प्लेटलेटची पिशवी म्हणजे टँकर. कधी कधी टँकर लागतोच, त्याला मी नाही म्हणत नाही. पण टँकर आला म्हणून पाणीटंचाईचं कारण सापडलं, असं कुणी म्हणणार नाही.

शिवाय आकडा खराच आहे का, हाही प्रश्न उरतोच. नळीतलं रक्त गोठू नये म्हणून जे रसायन घालतात, त्याने काहींच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या पुंजक्याला एक धरतं, किंवा मोजतच नाही. शरीरात दोन लाख, कागदावर तीस हजार. काहींच्या प्लेटलेट जन्मतःच आकाराने मोठ्या असतात आणि यंत्र त्यांना तांबड्या पेशी समजतं. उपाय जुनाच आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात दिसलेली एक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने पंधरा-वीस हजार. दहा क्षेत्रं पाहून सरासरी काढली की यंत्राची लबाडी उघडी पडते. मलेरियासाठी पूर्वीपासून काचपट्टी पाहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. त्याच पट्टीवर त्याला मलेरियाचा जंतूही दिसतो. यंत्राला तो सहसा दिसत नाही.

आता डेंग्यूकडे येऊ, कारण ही सगळी धास्ती मुळात तिथून आली. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी यश चोप्रा डेंग्यूने गेले आणि 'प्लेटलेट' हा शब्द मुंबईच्या घराघरांत शिरला. तिथून तो लोकलने कसाऱ्यापर्यंत आणि जीपने घाट चढून वर आला. सोबत पपईच्या पानांचा रस आला, शेळीचं दूध आलं, किवी आलं. खोडाळ्याच्या बाजारात किवी मिळावं अशी अपेक्षा ठेवणारे नातेवाईक मुंबईत असतात, हा आपल्या काळाचा एक विनोद.

डेंग्यूत माणूस मरतो तो मुख्यतः प्लेटलेटअभावी नव्हे. या आजारात केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर, पोटात, छातीत साठतं, रक्त दाट होतं आणि दाब कोसळतो. हे घडतं साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी, आणि फसवी गोष्ट अशी की नेमका तेव्हाच ताप उतरतो. घरचे म्हणतात, उतार पडला. प्लेटलेटचा नीचांकही त्याच सुमारास येतो, म्हणून सगळ्यांची नजर त्या आकड्यावर खिळते. बघायला हवं असतं ते हात-पाय गार पडलेत का, पोटात कळ आहे का, उलट्या थांबत नाहीत का, लघवी सहा तासांत झाली का. उपचार मापात दिलेलं सलाइन. कमीही नाही, आणि झिरपण थांबल्यावर जास्तही नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढ डेंग्यू रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. पिशव्या दिल्याने रक्तस्राव टळला, असं त्यात दिसलं नाही. उलट त्रास झाला तो पिशव्या दिलेल्यांनाच अधिक. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय पिशवीचा विचारही करू नये, असंच आज जाणते डॉक्टर मानतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. नाशिकच्या रुग्णालयात बसून "आकड्याकडे बघू नका" म्हणणं सोपं. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरने काय करायचं? बाहेर व्हरांड्यात दहा माणसं उभी, त्यातल्या एकाच्या हातात रिपोर्ट, त्यावर लाल अक्षरांत बावीस हजार. उद्या काही झालं तर कुणी विचारणार नाही की सलाइन किती दिलं. विचारतील, "पेशी बावीस असताना ठेवून कशाला घेतलंत?" त्याने नाशिकला पाठवायची चिठ्ठी लिहिली तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण ती चिठ्ठी म्हणजे काय, हेही सांगायला हवं. मोखाड्याहून तोरंगण घाट चढून, त्र्यंबकेश्वरवरून नाशिक साधारण साठ किलोमीटर. पावसात, वळणांवर, झिरपणाऱ्या केशवाहिन्या घेऊन, आणि बहुधा हातातलं सलाइन वाटेत संपलेलं. ज्या काही तासांत माणसाच्या दाबावर दर तासाला नजर हवी, नेमके तेच तास गाडीत जातात. तिथे पोचल्यावर पिशवी चढवली तर एका साध्या पिशवीने आकडा पाच-दहा हजारांनी वर सरकतो, आणि डेंग्यूत तोही टिकत नाही. पिशव्या आणून इथे साठवाव्यात, तर प्लेटलेट फ्रिजमध्ये राहत नाहीत. वीस ते चोवीस अंशांत, सतत हलत्या ठेवून, पाच दिवस, एवढंच त्यांचं आयुष्य. विजेचा भरवसा नसलेल्या तालुक्यात हा थाट परवडणारा नाही, आणि बहुतेकदा त्याची गरजही नाही.

म्हणून मी पाठवण्याच्या विरोधात नाही, आकडा पाहून पाठवण्याच्या विरोधात आहे. थंड पडलेला, झोपाळलेला, हिरड्यांतून रक्त येणारा रुग्ण ऐंशी हजारांवरही पाठवा, आणि सलाइन चालू ठेवून पाठवा. ताप जाऊन दोन दिवस झालेला, भाकरी मागणारा रुग्ण पंचवीस हजारांवर खाटेवरच राहू द्या.

पण मोखाड्यातली प्रत्येक घसरण डेंग्यूची नसते, आणि इथेच शहरातून आलेली धास्ती सर्वांत जास्त घोळ घालते. आवणीच्या दिवसांत माणसं दिवसभर चिखलात उभी असतात. बैलांचं, उंदरांचं मूत त्याच पाण्यात. लेप्टोचा जंतू पायाच्या भेगांतून शिरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, प्लेटलेट घसरतात आणि मूत्रपिंड बसतं. तिथे वेळेवर प्रतिजैविक मिळालं तर माणूस वाचतो, प्लेटलेट आपोआप परततात. रानात गेलेल्याला बारीक गोचिडासारख्या किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. काखेत, जांघेत एक काळी, न दुखणारी खपली असते. कुणी कपडे बाजूला करून पाहिलं तर निदान तिथेच होतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी दोन दिवसांत ताप उतरवते. ही गोळी सरकारी दवाखान्यात असते. खपली पाहायला लागतो तो वेळ आणि विचारण्याची सवय.

मलेरियाचं तर आदिवासी भागाशी जुनंच नातं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ साली आदिवासींच्या आरोग्यावर अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आठ-साडेआठ टक्के असलेल्या आदिवासींच्या वाट्याला मलेरियाचे तीस टक्के रुग्ण आणि जवळपास निम्मे मृत्यू येतात, असं त्यात म्हटलं आहे. मलेरियात बहुतेकांच्या प्लेटलेट घसरतात, आणि औषध सुरू झालं की आठवड्याभरात सावरतात. दिवाळीनंतर इथले पाडेच्या पाडे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. इथली माणसं याला स्थलांतर म्हणत नाहीत, "जगायला गेलेत" म्हणतात. होळीला परततात तेव्हा कुणाच्या अंगात तिकडचा ताप असतो, कुणी चौदा दिवसांच्या गोळ्या चौथ्या दिवशी सोडलेल्या असतात. त्यामुळे "पेशी किती?" याच्या आधी "जगायला कुठे गेला होता?" हा प्रश्न यायला हवा. तापाची निम्मी कुंडली त्यात कळते.

सापाच्या बाबतीत तर आकड्याचा नाद घातकच. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. विष गोठण्याची द्रव्यंच वापरून संपवतं, त्यात प्लेटलेटही खर्ची पडतात. अशा वेळी रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून पिशवी चढवणं म्हणजे पेटत्या घरात लाकूड टाकणं. विष रक्तात आहे तोवर ते नवा मालही संपवतं. आधी प्रतिविष. आणि त्याची गरज ओळखायला यंत्र लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, तिच्यात दोन मिलिलीटर रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही, त्यात उत्तर फसतं. एवढीच ती चाचणी. महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि साप यांच्या दंशावर जे काम केलं, त्याला २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्या कामाचा गाभाच असा होता की खाटेशेजारी उभं राहून, दर तासाला रुग्णाकडे पाहत, हाताशी असलेल्या स्वस्त औषधाने माणूस वाचवायचा. कोकणातल्या एका लहान गावात हे झालं, याचा अर्थ ते जव्हारला होऊ शकतं.

रुग्णालयात आल्यानंतर घसरणाऱ्या प्लेटलेट ही निराळीच गोष्ट. आल्या दिवशी दोन लाख आणि सहाव्या दिवशी साठ हजार, असं दिसलं तर कारण बहुधा आपणच दिलेलं असतं, किंवा आपल्याच वॉर्डात लागलेलं. सुईच्या जागेतून शिरलेला जंतू, रक्त पातळ करणारं हेपॅरिन, एखादं प्रतिजैविक. हेपॅरिनचा दोष पाचव्या ते दहाव्या दिवसात उमटतो आणि त्यात, गंमत बघा, रक्तस्राव होण्याऐवजी गुठळ्या होतात. तिथे पिशवी नको, औषध बंद करायचं. गरोदर बाईच्या प्लेटलेट शेवटच्या महिन्यांत थोड्या उतरतात, लाखाच्या वर असतील तर सहसा काळजी नाही. पण त्यासोबत रक्तदाब चढलेला, डोकं दुखतंय, वरच्या पोटात कळ आहे, तर यकृत आणि रक्त दोन्ही धोक्यात आहेत आणि बाळंतपण लांबवणं हाच धोका. तिथे दाब मोजायची पट्टी प्लेटलेटच्या यंत्रापेक्षा आधी बोलते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या बोटोशी भागातल्या मर्कटवाडीत एका बाईची घरातच, दिवस भरण्याआधी प्रसूती झाली. जुळी बाळं वाचली नाहीत, आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला गाडीपर्यंत नेण्यासाठी झोळीत घालून काही किलोमीटर चालत नेलं गेलं. कुठल्याही रक्तपेढीत कितीही पिशव्या असत्या, तरी रस्ता नव्हता.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब, जिच्याबद्दल फोन येत नाही. पेशी झपाट्याने घसरल्या तर गाव जागं होतं. सावकाश घसरल्या तर कुणाला पत्ताच लागत नाही. ब-१२ आणि फॉलिक आम्ल यांची वाण पडली की हाडांचा मगज आजारी पडतो. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट, तिन्ही घटतात. भारतात तिन्ही पेशी एकदम कमी होण्याच्या मोठ्या कारणांत ही वाण आहे. भात, नागली, वरई आणि डाळीचं पाणी यांत ब-१२ नसतंच. ते येतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. पावसाळ्यात खेकडे-मासे मिळतात, बाकी वर्षभर काय? सिकलसेल असलेल्यांच्या तांबड्या पेशी सारख्या फुटत असतात, त्यामुळे त्यांना फॉलिक आम्ल इतरांपेक्षा अधिक लागतं. सरकारी लाल गोळीत लोह असतं, फॉलिक आम्ल असतं, ब-१२ नसतं. आणि ब-१२ ची वाण असताना नुसतं फॉलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जातंतूंची खराबी आतून चालू राहते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली शंभराहून अधिक बालकं दगावली तेव्हापासून इथे कुपोषण वजनात मोजलं जातं. वजनकाटा अंगणवाडीत आला, हे चांगलंच झालं. पण रक्तातली भूक काट्यावर दिसत नाही. पोट भरलेल्या, वजन जेमतेम ठीक असलेल्या बाईच्या मगजातही उपासमार असू शकते.

त्यामुळे एक विचित्र चित्र उभं राहतं. डेंग्यूत, जिथे रोजच्या चढउताराने उपचार फारसा बदलत नाही, तिथे दिवसातून दोनदा प्लेटलेट मोजल्या जातात. आणि वर्षभर थकलेल्या, हिरड्यांतून रक्त येणाऱ्या, जांघेवर विनाकारण निळे डाग पडणाऱ्या बाईच्या प्लेटलेट एकदाही मोजल्या जात नाहीत, ती बाळंतपणाला येईपर्यंत. मोजणी भीतीच्या मागे धावते, गरजेच्या मागे नाही.

यासाठी नवं यंत्र मागायची गरज नाही, जे छापून येतं ते वाचलं तरी पुष्कळ आहे. रक्ताच्या तपासणीचा कागद पाहा. प्लेटलेटचा आकडा सहसा खाली असतो. त्याच्या वर कुठेतरी हिमॅटोक्रिट असतं. डेंग्यूत ते रोज चढत गेलं तर रक्त दाट होतंय, केशवाहिन्या झिरपताहेत, धोका आहे. प्लेटलेट कितीही असोत. त्याच्या आसपास एमसीव्ही नावाची ओळ असते, तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान. ती शंभराच्या वर गेली तर ब-१२, फॉलिक आम्ल यांची शंका घ्यायची. सोबत लोहाचीही वाण असेल, आणि इथे ती असतेच, तर हा आकडा मधेच अडकतो आणि फसवतो, म्हणून पुन्हा काचपट्टी. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे पाचाहून जास्त तुकडे दिसले की शंका पक्की होते. पांढऱ्या पेशींची ओळही तिथेच असते. ती खूप चढली असेल तर डेंग्यूपेक्षा जंतुसंसर्ग किंवा लेप्टो शोधा.

तेव्हा मोखाड्याहून पुढचा फोन आला आणि पलीकडून कुणी म्हणालं, पेशी चाळीसवर आल्यात, तर एवढंच करा. कागदाचा फोटो पूर्ण पाठवायला सांगा, नुसती शेवटची ओळ नको. आणि फोटो येईपर्यंत विचारा: ताप कधी उतरला, शेवटची लघवी कधी झाली, आणि पावसाच्या आधी तो जगायला कुठे गेला होता.